डासांच्या लेखी भिंत

चारुशीला मगदूम त्या दिवशी तिसऱ्यांदा सांगत होती, की ती पुरुष नाही.

"मॅडम, तुम्ही बाई आहात हे मला दिसतंय हो," लसकेंद्राच्या खिडकीतला माणूस म्हणाला. "पण तुमच्या कंपनीनं पाठवलेल्या माहितीत 'श्री. चारुशील' आहे. पिवळ्या तापाची लस मी चारुशीलला टोचणार. तुम्हाला कशी टोचू?"

चूक 'प्रवासमित्र'ची होती. परदेशी जाणाऱ्यांची तिकिटं, लशी, व्हिसा सगळं बघायला कंपनीनं वर्षभरापूर्वी हा कृत्रिम बुद्धीचा कारकून ठेवला होता आणि प्रवास विभागातल्या माणसांना घरी पाठवलं होतं. चारुशीलानं तिथंच उभं राहून त्याला फोन लावला.

"आपली अडचण मला समजते," प्रवासमित्र मधाळ आवाजात म्हणाला.

"समजते तर दुरुस्त कर ना बाबा!"

"आपली अडचण मला समजते."

तिनं फोन कटकन बंद केला. अडचण न समजणारा माणूस परवडला, तो निदान खांदे तरी उडवतो.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात ती अभियंता होती. लशी साठवायचे खोलीएवढे शीतकक्ष तिथं बनत. उन्हावर चालणारे, आणि चार-चार दिवस आभाळ भरून राहिलं तरी आतलं तापमान जागचं हलू न देणारे. त्यातला एक, तिनं स्वतः आखलेला, सुट्या भागांत काँगो नदीकाठच्या लुंबे गावच्या इस्पितळात जाऊन पडला होता. तान्ह्या मुलांसाठी निघालेली मलेरियाची नवी लस त्या जिल्ह्याला मिळायची होती. पण कक्ष चालू झाल्याशिवाय लस राजधानीतून हलणार नव्हती. याआधी दोनदा परदेशचं काम आलं तेव्हा "मॅडम, तिकडे सोयी नसतात हो" असं म्हणून मालक देवस्थळींनी तिच्या हाताखालच्या पोरांना पाठवलं होतं. या वेळी ती त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसली आणि ते हो म्हणेपर्यंत उठली नाही.

आता तिला वाटत होतं, उठली असती तर बरं झालं असतं. व्हिसाचा फोटो टिकली लावली म्हणून परत आला, टिकली काढून काढला तर पासपोर्टाशी चेहरा जुळत नाही म्हणून परत आला. नदीतली बोट आठवड्यातून एकदा सुटते, पण कुठल्या वारी ते बोटवाल्यालाही माहीत नाही. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या, आल्यावरही चालू ठेवायच्या. भरत, तिचा नवरा, मिरजेच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणाला, "चंद्रावर जाणारे सुद्धा एवढं करत नसतील."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'निर्गंधा'.

"डास आपल्याला बघून येत नाही, मॅडम," कंपनीचे डॉक्टर सबनीस सांगत होते. हा माणूस मूळचा शिकवणारा असावा, कारण प्रश्न न विचारताच उत्तरं द्यायचा. "डासाच्या मादीला आपला उच्छ्वास लांबून कळतो. पण जवळ आल्यावर हा माणूस की म्हैस, आणि माणूस असेल तर चवीचा की बेचव, हे ती वासावरून ठरवते. आता गंमत ऐका. आपला वास आपला नसतोच. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. कातडीवर जिवाणूंची वस्ती असते, ते घाम खातात आणि त्याची आम्लं बनवतात. ज्याची वस्ती जास्त आम्लं बनवते, तो डासांचा लाडका."

"आणि निर्गंधा काय करतं?"

"तेच जिवाणू, पण आम्लं बनवायचं जनुक काढून टाकलेले. तीन दिवस औषधी साबणानं आंघोळ करून जुने भाडेकरू हाकलायचे, मग हे मलम लावून नवे ठेवायचे. चार महिने जागा सोडत नाहीत."

"म्हणजे डास मरतात?"

"छे! कशाला मरतील? डासाच्या लेखी तुम्ही भिंत. भिंतीला कोण चावतं?"

तिला ते आवडलं. न आवडून उपयोगही नव्हता, कारण निर्गंधा लावल्याशिवाय विमा नाही आणि विम्याशिवाय तिकीट नाही. शिवाय नवी वस्ती नीट रुजावी म्हणून निघेपर्यंत घरूनच काम करायचं, धुळीत-घामात जायचं नाही, अशी अट.

मगदूमांचं घर मिरजेत, एका ओढ्याच्या कडेला. मागच्या दारी केळीची चार झाडं आणि बारमाही डास. भरतचे वडील अण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, जुन्या वळणाचे जैन. त्यांनी आयुष्यात डास मारला नव्हता. खांद्यावरच्या पंच्यानं ते डासाला हळूच वाट दाखवायचे. निर्गंधाची हकिकत ऐकून ते खूश झाले.

"म्हणजे कुणाचा जीव जात नाही आणि कुणाला त्रास नाही. हे औषध म्हणायचं!"

दिवसभर चारुशीला बाहेरच्या खोलीत एका टोकाला लॅपटॉप घेऊन बसायची आणि दुसऱ्या टोकाला अण्णा वाचत बसायचे. खरंच एक डास तिच्या वाटेला जाईना. संध्याकाळी ती मुद्दाम केळीपाशी खुर्ची टाकून बसली. तरीही काही नाही. भरतला मात्र एक गोष्ट खटकली.

"तुझ्या ओढणीला तुझा वास येत नाही," तो एकदा म्हणाला. "दुकानातल्या नव्या कापडासारखी वाटतेस."

"मग परत कर दुकानात," ती फणकारली, कारण त्याच वेळी प्रवासमित्र तिला चौथ्यांदा रक्तगट विचारत होता.

त्यानंतर भरत कोपरं खाजवत हिंडायला लागला आणि अण्णांचा पंचा दिवसभर फिरायला लागला. "यंदा फार झालेत," अण्णा म्हणाले. सगळेच म्हणाले, यंदा फार झालेत. महापालिकेला शिव्या घालून झाल्या. आणि एके सकाळी अण्णा उठलेच नाहीत. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळ्यांमागे घण पडताहेत म्हणाले.

डेंग्यू निघाला.

इस्पितळात रोज रक्त तपासलं जाई आणि रोज त्यातल्या रक्तकणिका, म्हणजे प्लेटलेट, कमी भरत. अण्णांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी भरतला बाजूला घेतलं. भरत परत आला आणि खिडकीशी उभा राहिला. तेवढ्यात चारुशीलाचा फोन वाजला.

"आपली आसननिवड प्रलंबित आहे. खिडकीजवळची की मधली?"

"चुलीतली!" ती ओरडली. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या.

शेजारच्या खाटेवर शिरोळहून आलेल्या एका बाईंचा मुलगा होता. त्या बाई तिच्याजवळच स्टुलावर बसायच्या. दुसऱ्या दिवशी त्या पदरानं वारा घेत करवादल्या, "ताई, तुमचं रक्त कडू हाय का वो? तुमच्या बाजूला बसल्यापास्नं सगळी माश्या-चिलटं माझ्याच अंगावर. काल तिकडं दाराशी बसले हुते तर यवडी न्हवती."

बाई सहज बोलल्या आणि स्टूल उचलून पुन्हा दाराशी गेल्या. चारुशीला मात्र बसल्या जागी थंड पडली.

शीतकक्ष गारवा निर्माण करत नाही, ही गोष्ट ती दरवर्षी नव्या पोरांना शिकवायची. गारवा नावाची वस्तूच नसते. यंत्र आतली उष्णता उचलतं आणि बाहेर फेकतं, म्हणून कक्षाच्या मागे उभं राहिलं की तोंडावर झळ येते. आतला गारवा जेवढा, मागची झळ तेवढी. मग ओढ्यावरचे डास गेले कुठे? ते तर तेवढेच होते. त्यांना रक्तही तेवढंच हवं होतं. त्या खोलीत दिवसभर माणसं दोन. त्यातलं एक भिंत झालेलं.

तिनं जिन्यात जाऊन सबनीसांना फोन लावला.

"डॉक्टर, मला न चावलेला डास कुठं जातो?"

"म्हणजे?"

"तुमच्या चाचणीत, ज्यांनी मलम लावलं त्यांच्या खोलीत झोपणाऱ्यांना किती ताप आले, ते मोजलं होतं?"

"मॅडम, औषधाची चाचणी औषध घेणाऱ्यावर होते. शेजाऱ्यावर कशी होणार?"

"माझे सासरे शेजारी आहेत. ते मरायला टेकलेत."

"मला वाईट वाटतं. पण डेंग्यूची साथ आहे. योगायोग असेल."

तो योगायोग असता तर तिला हवाच होता. अण्णांच्या रक्तकणिका पुन्हा चढायला लागल्या, त्यांनी कुरकुर करत पेज मागितली, त्या दिवशी ती भरतला घेऊन सांगलीला गेली. शमीम मुजावर ही तिची कॉलेजातली मैत्रीण प्राणिशास्त्र शिकवायची आणि काचेच्या पेटीत रोगमुक्त डास पाळायची. पेटीला दोन बाजूंना हात घालायची भोकं होती, आत बारीक जाळीच्या बाह्या. डासांना बसता येईल, चावता येणार नाही.

आधी एका बाजूनं भरतनं हात घातला, दुसऱ्या बाजूनं शमीमनं. डास साधारण निम्मेनिम्मे वाटले गेले. मग शमीमनं हात काढला आणि चारुशीलानं घातला. तिच्या जाळीवर एखाददुसरा डास टेकला आणि चूक झाल्यासारखा उडाला. भरतची जाळी बघता बघता काळी झाली. शमीमनं बाजू बदलून पाहिली, डास बदलून पाहिले, दर वेळी तेच.

"एका पेटीवरून जगाचा नियम ठरत नाही," शमीम म्हणाली. "पण मी असते तर या पेटीत तुझ्या शेजारी बसले नसते."

परतताना भरत गाडी चालवत होता. विश्रामबाग मागे पडलं. मग तो म्हणाला, "आठवतंय? लग्न झाल्यावर आई म्हणायची, सून आल्यापासून घरातले डास गेले. ते गेले नव्हते. तुला चावत होते. इतकी वर्षं आमच्या वाटचे."

"मला काय माहीत होतं?"

"तुला दोष देत नाही मी."

"देतोयस."

"बरं, देतोय!" त्यानं गाडी बाजूला घेतली. "अण्णांच्या तोंडातून रक्त येत होतं, चारू. मी काय करू?"



त्याच आठवड्यात लुंबेच्या प्रमुख परिचारिकेशी व्हिडिओवर बोलणं ठरलेलं होतं. तिचं नाव ओदिल. ती फ्रेंच बोलायची आणि फोनमधला दुभाष्या त्याचं मराठी करायचा, तेही असं की पोथी वाचतोय.

"आदरणीय भगिनी, आपले निवासस्थान प्रसूतिकक्षाला लागून आहे," ओदिल हसून बोलत होती आणि दुभाष्या घोगऱ्या आवाजात सांगत होता. "भिंत अर्धी आहे. बाळंतिणींचे रुदन आपणास ऐकू येईल. क्षमस्व."

"तिथं मच्छरदाण्या आहेत?"

"आहेत. काहींस भोके आहेत. बाळे आहेत, तस्मात् माता वारंवार उठतात."

चारुशीलानं जीव मुठीत धरून विचारलं, "याआधी परदेशी पाहुणे आले, ते तिथंच राहिले?"

ओदिलचं हसू जरा मावळलं. दुभाष्यालाही थांबावं लागलं. "होय. आपणास राग न यावा, परंतु मागील दोन वर्षांत पाहुणे आले की प्रसूतिकक्षात ज्वर वाढतो. आम्हांस वाटले, पाहुणे ज्वर आणतात. त्यांचे रक्त तपासले. निर्दोष होते. त्यांना तर डास चावतही नव्हते."

चारुशीलानं डोळे मिटले. तिनं ओदिलला सगळं सांगितलं, शमीमच्या पेटीसकट. दुभाष्यानं 'निर्गंधा'चं भाषांतर काय केलं देव जाणे, पण ओदिलला कळलं.

"एक बाळ गेले," ती म्हणाली. "मागील वर्षी."

दुसऱ्या दिवशी चारुशीला देवस्थळींसमोर होती. लुंबेच्या वॉर्डातल्या सगळ्यांना निर्गंधा द्या, नाहीतर मला न लावता जाऊ द्या, असं तिनं सरळ मागितलं.

"अहो, तिथल्या वॉर्डाचं मी कुठून बघू?" देवस्थळी वैतागले. "आणि न लावता पाठवलं आणि तुम्हाला काही झालं, तर विमा कंपनी मला उभं जाळेल. तुम्हाला जमत नसेल तर प्रसन्न तयार आहे. त्याला लावून झालंय."

प्रसन्न हा तिच्या हाताखालचा पोरगा. कामाचा होता, पण शीतकक्षाच्या पोटातल्या खोडी त्याला माहीत नव्हत्या. आणि खोडी राहू देत, तो गेला तर भिंत जाणारच होती, फक्त दुसऱ्याच्या अंगावर. कुणीच गेलं नाही तर लस राजधानीत पडून. कुठलंही दार उघडलं तरी मागून झळ येतच होती.

"मी जाते," ती म्हणाली.

घरी तिनं भरतला आणि अण्णांना बेत सांगितला. विमानतळावर त्वचेची तपासणी होते, तोवर निर्गंधा राहू द्यायचं. लुंबेला पोचायच्या आधी औषधी साबणानं धुऊन टाकायचं, जुने भाडेकरू आपसूक परततील. पुढे गोळ्या, मच्छरदाणी आणि नशीब.

"म्हणजे विमाही नाही," भरत म्हणाला. "अण्णा आत्ता कुठं उठून बसलेत. आता तू."

"मग काय करू? तू सांग."

"जाऊ नकोस."

"प्रसन्न जाईल."

"जाऊ दे की!" तो ओरडला, आणि ओरडल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. तो उठून मागच्या दारी गेला.

अण्णा उशीला टेकून बसले होते. आवाज अजून बारीक होता. "त्या साहेबाला खोटं सांगणार?"

"धुतल्यावर खरं सांगेन, अण्णा. आधी सांगितलं तर पाठवणार नाहीत."

अण्णांना ते पटलं नाही, हे त्यांच्या कपाळावर दिसलं. "मला विचारू नकोस मग," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. तिला त्यांचा आशीर्वाद हवा होता. मिळाला नाही.

दोन दिवस भरत कामापुरतं बोलला. विमानतळावर सामान उतरवताना मात्र तो खाली बघत म्हणाला, "साबण निळ्या पिशवीत आहे. दोन जास्तीचे घातलेत. आणि प्लग आपल्या पिनांचा तिथं बसत नाही, त्याचा जोडही घातलाय." मग तिला काही बोलायची संधी न देता गाडीत जाऊन बसला.

बोट वार चुकवून सुटली. बोटीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशात चारुशीलानं तीन दिवस खसाखसा आंघोळ केली. नदीचं पाणी, जळका वास येणारा साबण आणि बाहेरून लोकांच्या शिव्या, कारण न्हाणीघर एकच होतं. धुऊन झालं तसं तिनं देवस्थळींना कळवलं: 'निर्गंधा काढलं आहे. कारण तुम्हाला माहीत आहे. परत बोलवायचं असेल तर पुढची बोट कधी ते कुणालाच ठाऊक नाही.' देवस्थळींचं उत्तर आलं ते इथं सांगण्यासारखं नाही. प्रवासमित्राचंही आलं: 'आपला विमा स्थगित झाला आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.'

लुंबेला ओदिल धक्क्यावर आली होती. तिनं चारुशीलाचा हात हातात घेतला, मनगटाशी हुंगला, आणि दुभाष्याची वाट न बघता ठसक्यात मान डोलावली.

पुढचे दिवस कामाचे होते. सौरपट्टीच्या चौकटी गंजल्या होत्या, एका नळीत कुंभारमाशीनं घर केलं होतं, आणि ज्या जोडावर चारुशीलाचा सगळ्यात कमी विश्वास होता तोच गळत होता. प्रसन्नला ती गळती सापडली नसती, ही एवढीच गोष्ट तिला त्या उकाड्यात तरतरी द्यायची. डास तिला जिवाच्या करारानं चावत. अर्ध्या भिंतीपलीकडे बाळं रडत, आया उठत, आणि ती मच्छरदाणीत स्वतःला थापट्या मारत पडे. मधे पोट बिघडलं आणि मलेरियाच्या गोळ्या उलटून पडल्या. कक्ष एकदाचा घुमायला लागला, आतला काटा हवा तिथं येऊन थांबला, आणि राजधानीहून लशीची पहिली पेटी आली. ओदिलनं पहिल्या बाळाला ती टोचली तेव्हा चारुशीला दाराशी उभी होती. तिला वाटलं, आनंदानं शहारे येताहेत.

शहारे थांबेनात.

तिला प्रसूतिकक्षातच एक खाट मिळाली. थंडी वाजून दात वाजायचे, मग अंग पेटायचं, मग घामानं चादर भिजायची. ओदिलनं रक्त तपासलं, गोळ्या बदलल्या, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तेव्हा भरतचा फोन आला. तो आधी खूप रागावला, मग त्याला पुढे बोलता येईना, म्हणून त्यानं अण्णांकडे फोन दिला.

"औषध घेतेस का?" अण्णांनी विचारलं.

"घेते."

"घे." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "खाऊन-पिऊन असावं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ओदिल फेरी संपवून तिच्या खाटेशी आली. तिच्या खिशातला दुभाष्या चालूच होता.

"भगिनी, एक वृत्त द्यावयाचे आहे. पाहुणा येऊन इतके दिवस झाले. एव्हाना प्रत्येक वेळी खाटा कमी पडतात." तिनं हातानं सगळा वॉर्ड दाखवला. आया बाळांना पाजत होत्या, कुणी वेणी घालत होतं, कुणी कुणाशी भांडत होतं. "या वेळी संपूर्ण कक्षात ज्वर केवळ एका व्यक्तीस आला."

"कुणाला?" चारुशीलानं घाबरून उठायचा प्रयत्न केला.

"आपणास," दुभाष्या म्हणाला.

चारुशीला उशीवर मागे पडली. एका वॉर्डावरून, एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला ओदिलला सांगायचं होतं. सबनीसांनाही फोन करायचा होता, आता शेजारी मोजले आहेत म्हणून. पण तोंड कडू झालं होतं, अंगात त्राण नव्हतं, आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं आपलं बाळ क्षणभर धरायला म्हणून तिच्या कुशीत आणून ठेवलं. तिला नको म्हणायला फ्रेंच येत नव्हतं. बाळानं नाक तिच्या घामट गळ्याशी खुपसलं आणि ते बेलाशक झोपून गेलं.